बाठा नको, काडी घेऊन जा: डिचोलीकडच्या कलमांच्या नर्सरीचा आमचा अनुभव

लिहीन लिहीन म्हणत तीन वर्षं गेली. यंदा झाडाला पहिले आंबे लागले, खाऊन झाले, म्हणून आता लिहितेच. डिचोलीहून साखळीला जाताना आत वळून ही छोटी नर्सरी आहे, काका-काकी दोघंच चालवतात, मदतीला दोन माणसं आणि सुट्टीत त्यांची भाची, ती बायोटेक्नॉलॉजी शिकते. मानकुराद, मुसराद, हिलारियो ह्या गोव्याच्या आंब्यांची तयार कलमं इथे मिळतात, पण ती आणखी दहा ठिकाणी मिळतात. मला लिहायचंय ते त्यांच्या दुसऱ्या कामाबद्दल. तुमच्या घरचं जुनं झाड असेल तर त्याच्या काड्या न्यायच्या, ते त्यांच्या खुंटांवर, म्हणजे बाठ्यातून वाढवलेल्या रोपांवर, कलमं बांधतात, वर्षभर सांभाळतात आणि जगलेली रोपं तुम्हाला देतात. आणि हे असंच का करायचं ते एवढं नीट समजावून सांगतात की दहावीला आनुवंशिकतेचा धडा पाठ करून मार्क मिळवले होते तरी जे डोक्यात शिरलं नव्हतं ते मला त्या शेडमध्ये पिशव्यांच्या रांगांत उभं राहून कळलं.

आधी आमची गोष्ट सांगते, म्हणजे कशासाठी गेले ते कळेल. पेडण्याला आत्याच्या घरामागे मानकुरादाचं एक झाड होतं. आजोबांच्या वेळचं. पिकल्यावर साल हिरवट पिवळी, देठाकडे काळे बारीक ठिपके, दिसायला काहीच नाही, पण आत केशरी गर, रेषा नावाला नाही आणि बाठा एवढासा. मानकुराद हे नावच पोर्तुगीज मालकोराद वरनं आलं म्हणतात, म्हणजे रंगाने वाईट, आणि ज्याने ते नाव ठेवलं त्याने तो कापायच्या आधी ठेवलं असणार असं आत्या नेहमी म्हणायची. तर २००८ च्या मे महिन्यात बाबांनी तिथला सगळ्यात गोड आंबा खाल्ला, त्याचा बाठा धुतला, आणि आमच्या परसात विहिरीकडे लावला. मिरगाच्या पावसात रोप आलं. बाबांनी त्या रोपाला काय नाही केलं! शेणखत, राख, उन्हाळ्यात रोज दोन कळशा पाणी, भिरूड लागलं तेव्हा तारेने किडे काढले. २०१७ ला पहिला आंबा मिळाला. आंबट, रेषाच रेषा, आणि बाठा हा एवढा मोठा. बाबा काही बोलले नाहीत. पुढची दोन वर्षं त्यांना वाटत राहिलं की आपली माती वाईट, आपलं खत चुकलं, आपल्या हाताला गुण नाही. ते झाड अजून आहे, त्याच्या आंब्यांचं सासव (मोहरी वाटून केलेलं कालवण) फार सुंदर होतं, पण बाबांच्या मनात ते चुकलेलं झाडच राहिलं.

मग २०२१ ला कळलं की पेडण्याचा रस्ता रुंद होणार आणि आत्याचं झाड जाणार. आत्याने फोनवर एवढंच विचारलं, ह्याचं काही करता येईल का गं. म्हणून मी शोधत शोधत इथे पोचले, आणि बाबांना बरोबर नेलं.

मी काकांना सगळी हकीगत सांगितली आणि विचारलं की गोड आंब्याचा बाठा लावून आंबट झाड कसं आलं. त्यांनी टोपलीतला एक आंबा घेतला, उभा कापला, गर बाजूला केला, बाठा फोडून आतली बी तळहातावर ठेवली आणि म्हणाले, ‘बाय, गर आईचा, बी दोघांची.’ बस, एवढंच. मग पुढचं भाचीने सांगितलं.

आपण जो गर खातो तो पूर्णपणे आईझाडाचा भाग आहे, जसं झाडाचं पान तसाच तो गर. परागकण कुठूनही आलेला असो, गर आईच्याच चवीचा होणार. पण बाठ्याच्या आत जी बी आहे तो नवा जीव आहे, त्यात अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं. आणि आंब्याचा बाप कोण हे कोणालाच ठाऊक नसतं, कारण मोहोरावर माश्या बसतात, त्या आत्ता ह्या झाडावर आणि मग शेजारच्या कुंपणातल्या रायवळावर, म्हणजे बाठ्यातून आलेल्या गावठी आंब्यावर. आत्याच्या घराभोवती रायवळाची, घोटांची कितीतरी झाडं होती. म्हणजे बाबांनी खाल्लं ते आईचं फळ आणि लावलं ते आईचं एक आणि कोणत्यातरी अनोळखी झाडाचं दुसरं असं मिळून झालेलं पोर. मातीचा दोष नव्हता, खताचा नव्हता आणि बाबांच्या हाताचा तर नव्हताच. हे ऐकताना मी बाबांकडे बघत होते. त्यांनी ती बी काकांच्या हातातून घेतली आणि कितीतरी वेळ उलटीपालटी करून बघत राहिले. ह्या नर्सरीला मी जे काही चांगलं म्हणेन त्यात हे पहिलं.

हे अर्धं-अर्धं म्हणजे नक्की काय तेही तिने सांगितलं. आंब्याच्या प्रत्येक पेशीत ४० गुणसूत्रं असतात, वीस जोड्या. माणसात ४६, म्हणजे तेवीस जोड्या. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच घेतलं जातं, म्हणून वीस आईकडून आणि वीस बापाकडून येऊन परत चाळीस होतात. पण जोडीतलं कुठलं जाईल हे ठरलेलं नसतं, दरवेळी वेगळं, आणि शिवाय जायच्या आधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यामुळे एकाच झाडाचे शंभर बाठे लावले तर शंभर झाडं वेगवेगळी येतील.

ह्यावर तिने जे उदाहरण दिलं ते मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय. मल्लिका आणि आम्रपाली ही आंब्याची नावं ऐकली असतील, दोन्ही दिल्लीच्या पुसा संस्थेने १९७० च्या दशकात आणलेल्या संकरित जाती. दोघींचे आईबाप तेच, नीलम आणि दशहरी, फक्त एकीत नीलम आई आणि दुसरीत दशहरी आई. आणि तरी आम्रपाली बुटकी, छोट्या फळांचे घोस धरणारी आणि मल्लिकाचं फळ चांगलं मोठं. सख्ख्या बहिणीच म्हणायच्या. आमच्याच घरात मी आईसारखी आणि भाऊ आजोबांसारखा, तसंच.

मग दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काय केलं, तर नीलम आणि हापूस यांचा संकर करून रत्ना काढला, १९८१ ला. हापूसला साका पडतो हे आपण सगळे जाणतो, वरून सुंदर आणि कापला की आत पांढरट स्पंजासारखा गर. रत्नात तो साका नाही. पुढे त्याच रत्नाचा परत हापूसबरोबर संकर करून सिंधू काढला, १९९२ ला, त्याचा बाठा अगदी पातळ. म्हणजे बी लावून चांगला आंबा मिळतच नाही असं नाही, पण त्यासाठी आईबाप दोघं माहीत हवेत, शेकडो रोपं लावायची, फळ धरेपर्यंत थांबायचं, आणि त्यातलं एखादं निवडायचं. आपल्या परसात एकच बाठा लावून ते होणं म्हणजे लॉटरीच.

डीएनए प्रत्यक्ष दिसतो हे मला खरं वाटत नव्हतं. माझी आठ वर्षांची भाची बरोबर होती, तिच्यासाठी त्या मुलीने काकींच्या स्वयंपाकघरात करून दाखवलं. पिकलेलं अर्धं केळं पिशवीत घालून चेचलं, त्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब, हलवून फडक्याने गाळलं. साबणाने पेशींची चरबीची पापुद्री फुटते आणि डीएनए बाहेर येतो. मग ग्लास तिरका धरून कडेने फ्रीजरमध्ये थंड केलेलं सर्जिकल स्पिरिट हळूच ओतलं. दोन मिनिटांत दोन थरांच्या मधे पांढरे ढगासारखे धागे वर यायला लागले, तिने टूथपिकवर गुंडाळून माझ्या भाचीच्या हातात दिले. शेंबडासारखं दिसतं खरं तर. कोणीतरी विचारलं फेणी चालेल का, तर नाही चालणार, फेणीत अर्ध्याहून जास्त पाणीच असतं, डीएनए पाण्यात विरघळून राहतो, बाहेर पडायला कडक अल्कोहोल लागतं.

त्या धाग्यात काय लिहिलेलं असतं, तर चारच अक्षरं, ए, टी, जी, सी. पिळदार जिन्यासारखी रचना, ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी. हा आकार १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडला, रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण फोटोचा त्यात मोठा आधार होता. आंब्याची सगळी अक्षरं मोजली तर साधारण ४० कोटी, माणसाची ३०० कोटींच्या वर. ह्यातला एकेक अर्थपूर्ण तुकडा म्हणजे जनुक, बहुतेक वेळा एखादं प्रोटीन कसं बनवायचं त्याची कृती. तीन तीन अक्षरांचा एक शब्द, आणि कुठल्या शब्दाने प्रोटीनमधला कुठला मणी लावायचा हे उलगडण्यात आपले हरगोविंद खुराना होते, १९६८ चं नोबेल त्यासाठीच. मी हे सगळं शाळेत वाचलं होतं. पण मला कोणी हे सांगितलं नव्हतं की पेशी दुभागताना हा जिना मधोमध उघडतो, दोन्ही बाजूंना समोरची अक्षरं नव्याने लागतात आणि तेच्या तेच दोन जिने होतात, म्हणून मुळात, पानात, शेंड्यावरच्या बोटभर काडीत, सगळीकडे अख्ख्या झाडाचं तेच पुस्तक असतं. इथे माझी ट्यूब पेटली. आत्याचं झाड वाचवायला झाड लागत नाही, काडी पुरते!

आणि खुंटाचं काय, तो तर रायवळाच्या बाठ्याचा, त्याचा आंबटपणा वर येणार नाही का, हे बाबांनी विचारलं. नाही येत. खुंट पाणी देतो, क्षार देतो, झाड किती जोमाने वाढेल ह्यावर त्याचा परिणाम होतो, पण सांध्याच्या वरच्या पेशींत कलमकाडीचाच डीएनए आणि खालच्या पेशींत खुंटाचाच. दोघं एकत्र नांदतात, मिसळत नाहीत. म्हणूनच सांध्याच्या खालून फूट आली तर ती लगेच खुडायची, ती रायवळाची असते.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण आम्ही आधी एकदा फसलोय. दुसऱ्या एका ठिकाणाहून, नाव घेत नाही, मानकुरादाची म्हणून दोन कलमं आणली होती. एकाची वरची काडी आणतानाच मेलेली होती आणि खालून फुटलेली जोमदार फूट बांधून उभी केलेली. आम्हाला कळलंच नाही, वर्षभर पाणी घातलं. कलम घेताना सांधा बोटाने चाचपून बघा, तिरकी खूण दिसली पाहिजे आणि फूट तिच्या वरून आलेली पाहिजे. ह्या नर्सरीत काका स्वतः प्रत्येक पिशवी फिरवून सांधा दाखवतात आणि मगच पैसे घेतात.

आता काम कसं केलं ते. काड्या न्यायच्या आठ-दहा दिवस आधी आत्याच्या झाडावर जाऊन, तीन-चार महिन्यांच्या पक्व डहाळ्या बघून, देठ ठेवून पानं कापून टाकायला सांगितली, त्याने शेंड्याचा डोळा फुगतो. जुलैच्या सुरुवातीला सकाळी काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, दुपारच्या आत नर्सरीत. तिथे बाठ्यातून आलेली पंधरा दिवसांची रोपं, अजून तांबूस पानांची, तयार होती. ह्याला कोय कलम म्हणतात. काकांनी रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला पाचरीसारखे दोन तिरके छेद, पाचर चिरेत बसवली, सालीला साल जुळली की नाही ते डोळ्याजवळ नेऊन बघितलं, प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधलं, वर छोटी पिशवी उलटी घातली. एकेकाला दोन मिनिटंही नाही लागली, पण हात बघत राहावा असा. दहा बांधली, सात जगली. दर कलमामागे अडीचशे रुपये, आणि मेलेल्यांचे त्यांनी घेतले नाहीत. झाड पुढच्या वर्षी पडलं. आम्ही जून २०२२ ला सातही कलमं घरी आणली, तीन आमच्याकडे, दोन आत्याच्या नव्या घराकडे, दोन चुलत भावांकडे.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते कारण त्यांनी सुधाराव्यात असं मनापासून वाटतं. एक तर पिशव्यांवर मार्करने नाव लिहितात, पावसात ते धुऊन जातं. आमच्या सातांतल्या दोन पिशव्यांवर काही उरलंच नव्हतं, काकींनी जागेवरून ओळखून दिल्या, पण ज्या कामाचा सगळा अर्थच ‘हे नक्की कुठल्या झाडाचं’ हा आहे तिथे पत्र्याचा टॅग हवाच. दुसरं, सांध्याची प्लास्टिक पट्टी जुळल्यावर कापून काढायची असते हे आम्हाला घरी देताना कोणी सांगितलं नाही. एका कलमाला ती तशीच राहिली, खोड जाड झालं तसा गळा आवळला आणि जोराच्या वाऱ्यात तिथूनच मोडलं. आत्याच्या झाडाचं एक कलम असं गेलं, मला त्याचं अजून वाईट वाटतं. नंतर मी सांगितल्यावर काकांनी लगेच मान्य केलं आणि आता म्हणे प्रत्येकाला सांगतात. फोन पावसाळ्यात लागत नाही, सरळ जाऊनच भेटावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला त्यांची फार पटली. तयार मानकुराद विकताना ते नुसतं मानकुराद म्हणत नाहीत, कुठल्या गावच्या कुठल्या झाडाचं ते सांगतात. कारण मानकुराद मानकुरादात फरक आहे. डीएनएची नक्कल होताना क्वचित एखादं अक्षर चुकतं, त्याला म्युटेशन म्हणतात, शेकडो वर्षं कलमांवर कलमं होत आल्यावर अशा चुका साठतात, काही कधीतरी बाठ्यातून आलेली झाडंही त्याच नावाने चालली असणार. एला, जुन्या गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेने गोव्यातली अशी झाडं तपासून सरस निवडी काढल्या आहेत, कार्दोज मानकुराद हे नाव त्यातूनच ऐकायला मिळतं. २०२३ ला मानकुरादाला जीआयही, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा आता तरी झाडाच्या वंशाची नोंद ठेवायला हवी, नाहीतर जीआय कशावर लावणार?

गुणसूत्रांच्या अदलाबदलीवरून काकांच्या भाचीने एक नाव घेतलं, त्याने मला खरंच अभिमान वाटला. दामोदर कोसंबी, आपल्या गोव्यात कोसबेंला १९०७ साली जन्मलेले, आपण त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पणजीला त्यांच्या नावाने व्याख्यानं झाली आहेत. ते मूळ गणिती. १९४० च्या दशकात त्यांनी एक सूत्र दिलं, दोन जनुकं किती वेळा एकमेकांपासून सुटतात त्यावरून ती गुणसूत्रावर किती अंतरावर आहेत ते काढायचं. कोसंबी मॅपिंग फंक्शन. आज जगात कुठेही भाताचा, गव्हाचा, आंब्याचा जनुकीय नकाशा करणारे लोक ते वापरतात. ती म्हणाली कॉलेजच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शनच असतो, कोसंबी म्हणून क्लिक करायचं. डिचोलीच्या शेडमध्ये हे ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तर यंदाचं. पहिली दोन वर्षं मोहोर आला तो काकांनी सांगितल्याप्रमाणे खुडला, झाडाचं अंग भरू दिलं. यंदा विहिरीकडच्या कलमाला, बाबांच्या जुन्या रायवळाच्या बाजूलाच आहे ते, चार फळं धरली. एक तोर, म्हणजे कोवळी कैरी, असतानाच माकडाने नेला. तीन पेंढ्यात घातले. पिकल्यावर तीच हिरवट पिवळी साल, देठाकडे तेच ठिपके. आत्याला पेडण्याहून बोलावलं. बाबांनी कापला. आत्याने पहिली फोड तोंडात घातली आणि काही बोलली नाही, डोळे पुसले आणि दुसरी फोड उचलली. बाबांनी बाठा चोखून धुतला आणि खिडकीत ठेवला. मी विचारलं लावणार का, तर म्हणाले लावतो, हे झाड कसं निघेल ते बघायचंय, बाप कोण माहीत नाही पण आई तर माहीत आहे. चौथ्या दिवशी लावला, जास्त सुकला तर आंब्याचा बाठा रुजत नाही.

ज्यांना जायचंय त्यांनी मे महिन्यातच जाऊन सांगून ठेवा, त्यांच्याकडे खुंट मोजकेच असतात आणि मिरग लागला की गर्दी होते. झाड जुनं असेल तर आतल्या सावलीतल्या काड्या नको, वरच्या उन्हातल्या घ्या, आणि दहाच्या खाली बांधू नका. पट्टी कधी काढायची ते आठवणीने विचारा. रविवारी दुपारनंतर बंद असतं.